मताधिकार आणि बहुमताची लहर

राहुरी नगरपरिषदेच्या सभागृहांत २०२१ च्या अखेरीपासून २०२५ च्या अखेरीपर्यंत लोकांनीं निवडून दिलेला एकहि मनुष्य बसला नाहीं. २०१६ सालच्या निवडणुकींतून आलेल्या सभासदांची मुदत संपली, प्रशासक आला, आणि चार वर्षें गांवचा पाणीपुरवठा, गटारें, दिवाबत्ती व घरपट्टी यांचा कारभार अशा अधिकाऱ्याच्या सहीनें चालला कीं ज्याला जाब विचारण्याचें कोणतेंहि साधन गांवकऱ्यांच्या हातीं नव्हतें. राज्यघटनेचें २४३-यू हें कलम तर स्पष्ट सांगतें कीं नगरपालिकेची मुदत पांच वर्षांहून अधिक असूं नये आणि ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक पुरी झालेली असावी. नगर जिल्ह्याची, सरकारी कागदोपत्रीं आतां अहिल्यानगर जिल्ह्याची, जिल्हा परिषद मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ याच स्थितींत राहिली. २०२१ सालीं अठरावें वर्ष पुरें करून महाविद्यालयांत आलेला आमच्या गांवचा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला, तरी आपल्या नगरसेवकाला मत देण्याचा प्रसंग त्याला आला नाहीं. स्थानिक स्वराज्य संस्थांना लोकशाहीची पाठशाळा म्हणण्याची आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे. ही पाठशाळा चार वर्षें बंद होती, आणि ती कोणीं बंद ठेविली हें विचारण्याची फारशी कोणास गरज वाटली नाहीं.

याचें उत्तर म्हणून न्यायालयाकडे बोट दाखविण्याची आतां चाल पडली आहे. ४ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसाठीं तीन कसोट्या पाळण्यास सांगितलें, त्या पुऱ्या होईपर्यंत निवडणुका लांबल्या, असें सांगण्यांत येतें. हें सांगणें खोटें नाहीं, पण अर्धें आहे. राखीव जागांचा प्रश्न खरोखरीचा होता. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या सत्तेच्या ओसरीवरहि कोणीं बसूं दिलें नाहीं, त्यांच्या जागा केवळ आंकडेवारीच्या अभावीं जाव्या हें कोणाहि विचारी माणसास रुचणार नाहीं. परंतु त्याच न्यायालयानें ४ मे २०२२ रोजीं निवडणुकीचा कार्यक्रम दोन आठवड्यांत जाहीर करा असेंहि सांगितलें होतें, आणि तोहि ११ मार्च २०२२ पूर्वींची प्रभागरचना धरून. ही तारीख कोठून आली? ७ मार्च २०२२ रोजीं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं प्रभाग आंखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारीं विधेयकें एकाच दिवसांत, एकमतानें संमत केलीं होतीं. सत्ताधारी आणि विरोधक यांचें एरवीं आज वार कोणता यावरहि एकमत होणें कठीण. त्या दिवशीं मात्र झालें. पुढें ऑगस्टमध्यें नवें सरकार आलेलें असल्यामुळें सभासदसंख्येचा हिशेब पुन्हां बदलला, त्यावर पुन्हां दावे झाले, आणि सारें प्रकरण 'जैसे थे' च्या हुकमाखालीं जें पडलें तें ६ मे २०२५ रोजीं न्यायालयानेंच चार महिन्यांची मुदत घालीपर्यंत. म्हणजे न्यायालयानें वाट अडविली असेल, पण तिच्यावर रोज नवा दगड आणून टाकण्याचें काम आमच्या कायदेमंडळानें केलें.

हा लेख त्या दगडांविषयीं आहे.

अमेरिकेंतील एक गोष्ट येथें आठवते. तेथील वरिष्ठ सभागृहांत शंभर सभासद असतात आणि वादविवाद संपवून मत घ्यावयाचें तर साठ सभासदांची संमति लागते. नीग्रो नागरिकांचा मताचा हक्क या एका नियमाच्या आडोशानें किती दशकें अडवून धरला गेला हें इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या काळीं तर दोनतृतीयांश सभासद लागत. १९६५ सालीं ७० विरुद्ध ३० अशा मतांनीं चर्चा बंद करतां आली तेव्हां कोठें त्या वर्षींचा मताधिकाराचा कायदा पुढें सरकला. जानेवारी २०२२ मध्यें तशाच एका सुधारणेसाठीं हा नियम तेवढ्यापुरता शिथिल करावा असा प्रयत्न झाला, आणि तो ५२ विरुद्ध ४८ मतांनीं फसला. आमच्याकडील इंग्रजी वृत्तपत्रें वाचणारे गृहस्थ ही हकीकत मोठ्या रसानें सांगतात आणि शेवटीं म्हणतात, 'बरें आहे, आमच्याकडे असला अडथळा नाहीं.' खरेंच नाहीं. त्यांचें दार गंजून बसलें आहे, लोटून लोटून खांदे दुखतात तरी उघडत नाहीं. आमच्या दाराला कडीच नाहीं. ज्याची सरशी होईल त्यानें यावें आणि घरांतील भांडीं हवीं तशीं मांडून जावें. आमच्या या मोकळेपणाची किंमत त्यांच्या अडवणुकीहून कमी आहे असें मानण्यास मला कांहीं आधार दिसत नाहीं.

नियम काय आहे तें पाहावें. घटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणें हजर असलेल्या आणि मत देणाऱ्या सभासदांचें बहुमत विधानसभेंत पुरें होतें, आणि गणपूर्तीला एकदशांश सभासद लागतात. २८८ सभासदांच्या सभागृहांत २९ हजर असले कीं सभा कायदेशीर. त्यांतले १५ 'होय' म्हणाले कीं विधेयक संमत. वर विधानपरिषद आहे, पण ती रुसली तरी तिचें रुसणें सारें मिळून चार महिने टिकतें. आणि अधिवेशन चालूं नसेल तर वटहुकूम आहेच. साध्या कामासाठीं ही व्यवस्था वाईट नाहीं. एखाद्या करांत दुरुस्ती करावयाची, एखाद्या विद्यापीठाचें नांव बदलावयाचें, तर त्यासाठीं राज्य अडवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण सत्ता कोणाच्या हातीं जावी हें ठरविणारे नियम, म्हणजे मत कोणीं द्यावें, कोणासाठीं द्यावें, एका प्रभागांतून किती निवडावे, हे नियमहि त्याच पंधरा 'होय'च्या जोरावर बदलावे काय? कुस्तीच्या आखाड्यांत चितपट कशाला म्हणावें हें जिंकत असलेल्या पहिलवानानें मधल्या विश्रांतींत ठरवूं लागावें, असा हा प्रकार आहे.

सरपंचाची गोष्ट घ्या. महाराष्ट्रांत २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. १९५८ च्या कायद्यान्वयें निवडून आलेल्या पंचांनीं आपल्यांतून सरपंच निवडावा अशी रीत होती. जुलै २०१७ मध्यें त्या वेळच्या सरकारनें ठरविलें कीं सरपंच थेट गांवानें निवडावा, आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत तशा निवडणुकाहि झाल्या. २०१९ च्या अखेरीस सरकार बदललें. नव्या सरकारनें वर्षारंभींच हा नियम रद्द करण्याचें ठरवून राज्यपालांकडे वटहुकूम पाठविला. अधिवेशन तोंडावर आलेलें असतां वटहुकूम कशाला, विधिमंडळांतच जा, असें सांगून राज्यपाल श्री. भगतसिंह कोश्यारी यांनीं सही नाकारली. सल्ला योग्य होता. पण विधिमंडळांत तरी काय झालें? फेब्रुवारी २०२० मध्यें, विरोधकांच्या गदारोळांत, चर्चेवांचून, आवाजी मतानें विधेयक संमत झालें. अठ्ठावीस हजार गांवांतील प्रत्येक मतदाराचें एक मत काढून घेण्यास लागलेला वेळ बाजारांत मेथीची जुडी घेण्यास लागणाऱ्या वेळाहून अधिक नसावा.

पुढें जून २०२२ मध्यें तें सरकार पडलें. नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधि ३० जून रोजीं झाला, आणि ९ ऑगस्टपर्यंत या राज्याच्या मंत्रिमंडळांत अवघे दोन गृहस्थ होते. राज्यांत मुख्यमंत्र्यांसह निदान बारा मंत्री असावे असें घटनेचें १६४ वें कलम म्हणतें. त्या दोघांच्या मंत्रिमंडळानें १४ जुलै रोजीं ठरविलें कीं सरपंच पुन्हां थेट लोकांनीं निवडावा, नगराध्यक्षहि तसाच निवडावा, आणि बाजार समितींत शेतकऱ्याला पुन्हां मत द्यावें. ऑगस्टच्या अधिवेशनांत पहिल्या दोन्ही गोष्टींचे कायदेहि झाले. पांच वर्षांत एकाच प्रश्नाचीं तीन उत्तरें आलीं, आणि त्यांतील एकाहि वेळीं गांवाला कोणीं विचारलें नाहीं.

नगराध्यक्षाची वंशावळ याहून लांब आहे. थेट निवडणूक १९७४ सालीं एकदां झाली. पुढें बंद पडली. २००१ सालीं पुन्हां आली. २००६ सालीं गेली. २०१६ सालीं आली. २०२० सालीं गेली. २०२२ सालीं आली. ज्यांस वाटतें कीं हा एका पक्षाचा गुण व दुसऱ्याचा दोष आहे, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं २००१ सालीं ही पद्धति आणणारें आणि २००६ सालीं ती घालविणारें अशीं दोन्ही सरकारें एकाच आघाडीचीं होतीं. आणि २०२० सालीं ती रद्द झाली तेव्हां नगरविकास खातें ज्या श्री. एकनाथ शिंदे यांच्याकडे होतें, तेच २०२२ सालीं मुख्यमंत्री म्हणून ती परत आणते झाले. माणसाचें मत बदलूं शकतें, तो त्याचा हक्क आहे. पण दोन वर्षांत मत कोणत्या पुराव्यावरून बदललें हें सभागृहाला सांगण्याचें बंधन त्याजवर असावें कीं नाहीं? महानगरपालिकांच्या प्रभागांचीहि तीच तऱ्हा. मुंबई सोडून इतरत्र २००२ सालीं एका प्रभागांतून तीन सभासद, २००७ सालीं एक, २०१२ सालीं दोन, २०१७ सालीं चार. मग कायद्यानें पुन्हां एक, त्यावर निवडणूक होण्यापूर्वींच तीन, आणि तीनवरहि निवडणूक होण्यापूर्वीं पुन्हां चार. मतदाराला आपल्या हातीं मतें किती हें दर खेपेस नव्यानें शिकावें लागतें.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें नीट मांडलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. थेट निवडलेला सरपंच एका गटाचा आणि पंचांचें बहुमत दुसऱ्या गटाचें असें झालें कीं ग्रामसभेचे ठराव अडतात, निधि परत जातो, नळाची दुरुस्ती सहा महिने पडून राहते. हें आमच्या तालुक्यांतील खेड्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. उलट पंचांनीं सरपंच निवडावयाचा म्हटलें कीं सात-आठ पंचांना गाडींत घालून कोठेंतरी थंड हवेच्या ठिकाणीं नेऊन ठेवण्याचा धंदा सुरू होतो, हेंहि पाहिलें आहे. माझें स्वतःचें मन थेट निवडणुकीकडे झुकतें; सात पंच फोडण्यापेक्षां दीड हजार मतदार फोडणें महाग पडतें, एवढेंच तिचें साधें समर्थन मी करतों. माझ्या मित्रांपैकीं कित्येकांना हें पटत नाहीं आणि त्यांच्यापाशीं उत्तरेंहि आहेत. तो वाद जरूर व्हावा. पण मुद्दा असा कीं तो वाद कधीं झालाच नाहीं. २०१७ ते २०२० या काळांत थेट सरपंच असलेल्या गांवांचा कारभार इतरांहून बरा झाला कीं वाईट, याची चौकशी करून तिचा अहवाल सभागृहापुढें ठेवून मग नियम बदलला असता, तर हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें. (जातां जातां: १ जानेवारी १९९५ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सरपंच होण्यासाठीं सातवी उत्तीर्ण असण्याची अटहि याच घाईगर्दींत शिरली आहे. ज्यांच्या वस्तीपर्यंत शाळा उशिरा पोंचली त्यांनाच उशिराबद्दल दंड करणारी ही अट आहे, आणि तिजवर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.)

यापेक्षां अधिक जिव्हारीं लागणारें उदाहरण बाजार समितीचें आहे. राहुरी तालुका कांद्याचा आणि उंसाचा. वांबोरीच्या उपबाजारांत कांद्याच्या गोण्या घेऊन येणारा शेतकरी ज्या संस्थेच्या ओट्यावर आपला माल ओततो, तोलाई देतो आणि लिलांवाच्या बोलीकडे कान लावून बसतो, त्या संस्थेच्या कारभाऱ्यांना निवडण्याचें मत त्याला नसतें. समितीच्या अठरा सभासदांपैकीं अकरा सेवा सोसायट्यांच्या संचालकांच्या मतांनीं, चार ग्रामपंचायतींच्या पंचांच्या मतांनीं, दोन व्यापाऱ्यांचे आणि एक हमाल-मापाड्यांचा. म्हणजे पंधरा जागा शेतकऱ्यांच्या म्हणावयाच्या, पण त्यांना मत द्यावयाचें सोसायटीच्या नि पंचायतीच्या निवडक मंडळींनीं. २०१७ सालीं कायदा बदलला आणि ज्याच्यापाशीं निदान दहा गुंठे जमीन आहे व ज्यानें पांच वर्षांत तीनदां तरी समितींत माल विकला आहे अशा शेतकऱ्याला थेट मत मिळालें. कांहीं समित्यांच्या निवडणुका तशा झाल्याहि. २०२० सालीं तें मत गेलें. कारण सांगितलें कीं हजारों मतदारांची निवडणूक समित्यांना खर्चाला झेपत नाहीं. २०२२ च्या जुलैंत त्या दोघांच्या मंत्रिमंडळानें तें परत देण्याचें ठरविलें. आणि २०२३ च्या एप्रिलांत प्रत्यक्ष निवडणुका झाल्या त्या कशा? शेतकऱ्याला उमेदवार म्हणून उभें राहण्याची मुभा मिळाली. मत मात्र सोसायटीच्या संचालकांनीं आणि पंचांनींच दिलें. उभें राहा, पण स्वतःलाहि मत देऊं नका! परान्न वाढून जेवणाऱ्याचे हात बांधावे अशी ही उदारता आहे. खर्चाची सबब मला विशेष बोचते. १९१९ पूर्वींच्या काळांत सामान्य रयतेला मत कां देऊं नये याची कारणें सांगतांना गोरे अधिकारीहि हेंच म्हणत कीं एवढ्या मोठ्या यादीची व्यवस्था लावणार कोण.

त्या काळाकडे थोडें वळून पाहण्यासारखें आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्यानें मताचा हक्क जमीनमहसूल, घरभाडें आणि प्राप्तीवरील कर यांच्या मापानें मोजला. लॉर्ड साउथबरो यांच्या समितीनें हिंदी स्त्रियांना मत देण्यास प्रतिकूल अभिप्राय दिला, आणि कायद्यांत स्त्रियांचा हक्क आला नाहीं. मात्र प्रांताच्या कायदे कौन्सिलानें तसा ठराव केल्यास ही बंदी उठावी एवढी एक फट नियमांत राहिली. एवढीशी ती फट! तिच्यांतून मद्रासनें १९२१ सालीं वाट काढली आणि आमच्या मुंबई कौन्सिलानेंहि त्याच वर्षीं ठराव केला. मिळालें तें थोडें होतें, मालमत्तेची अट स्त्रियांनाहि होतीच. पण तें जें मिळालें तें पुन्हां दोन वर्षांनीं कोणी काढून घेतलें नाहीं. त्याच साउथबरो समितीपुढें २७ जानेवारी १९१९ रोजीं एका सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाची साक्ष झाली होती. ते प्राध्यापक म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्य वर्गाला मालमत्तेच्या मापानें मोजलें तर त्याच्या हातीं मत येणारच नाहीं, हें त्यांनीं तेथें मांडलें, आणि १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें तर सर्व प्रौढांना मत द्या अशी सरळ मागणी केली. १९३५ च्या कायद्यानंतरहि मतदार होते ते लोकसंख्येच्या सातव्या हिश्श्याच्या आसपासच. ३२६ व्या कलमानें प्रत्येक प्रौढाला मत मिळालें तें या तीस वर्षांच्या झुंजीनंतर. आणि एकविसाचें वय अठरावर आणण्यास १९८९ साल उजाडावें लागलें. मिळवितांना असा एकेक टप्पा चर्चेनें, साक्षींनीं, अहवालांनीं ओलांडला, आणि मांडलेलें मोडतांना मात्र गदारोळांतील एक 'होय' पुरा व्हावा, हा न्याय मला समजत नाहीं.

आवाजी मतदानाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. घटनादुरुस्तीला ठराविक मतें लागतात म्हणून तेथें मतें मोजावीं लागतात, आणि त्यामुळें ९ मार्च २०१० रोजीं राज्यसभेंत स्त्रियांच्या राखीव जागांचें विधेयक १८६ विरुद्ध १ मतानें संमत झालें हें आज आपणांस ठाऊक आहे. तें एक मत श्री. शरद जोशी यांचें होतें हेंहि ठाऊक आहे. शेतकरी स्त्रियांना घराच्या व शेताच्या मालकींत वाटा मागण्यासाठीं ज्यांनीं चळवळ उभारली, त्यांनीं त्या दिवशीं विरोधी मत कां दिलें यावर अनुकूल-प्रतिकूल वाद आजहि करतां येतो, कारण मत नांवासह नोंदलेलें आहे. आतां फेब्रुवारी २०२० मधील सरपंचाच्या विधेयकाला आमच्या जिल्ह्यांतील कोणत्या आमदारानें 'होय' म्हटलें आणि कोण गप्प बसला, हें कोणी सांगावें. सांगतां येणार नाहीं. आवाजाला नांव नसतें. वास्तविक सभासदाला मतविभागणी मागण्याचा हक्क आहे. तो मागितला जात नाहीं, कारण न मागणें दोन्ही बाजूंस सोयीचें असतें. उद्यां सत्ता पालटली कीं आजचा विरोध उद्यांचा पाठिंबा होणार असतो, आणि मागें नोंद राहिली तर ती अडचणीची होते.

कोणी म्हणेल, नियमांचा एवढा बाऊ केला कीं सुधारणा बुडतात. अमेरिकेंत तेंच झालें ना? याचें उत्तर आमच्याच सहकारी संस्थांच्या इतिहासांत आहे. ज्या जिल्ह्यानें १९५० सालीं प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या हातून सहकारी साखर कारखाना उभा राहिलेला पाहिला, त्या जिल्ह्याला सभासदाचें मत म्हणजे काय हें सांगावयास नको. या संस्थांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्या, त्यांसाठीं वेगळें प्राधिकरण असावें, अशा हेतूनें संसदेनें ९७ वी घटनादुरुस्ती केली. ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून अमलांत आली. हेतु चांगला. पण राज्यांच्या अधिकारांतील विषयाला हात घालावयाचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमति घ्यावी हा ३६८ व्या कलमांतील नियम पाळला गेला नाहीं. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१३ सालीं ती दुरुस्ती रद्द ठरविली आणि २० जुलै २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि राज्यांतील संस्थांपुरता तोच निर्णय दिला. नियमानें सुधारणा बुडविली असें येथें म्हणतां येईल काय? संमति मागितली असती तर ती मिळण्यास कितीसा उशीर लागला असता? नियमाला वळसा घालण्याच्या घाईंत नऊ वर्षें वायां गेलीं.

आणि ही घाई कोणत्या बाबतींत दिसते तेंहि पाहावें. पाथर्डीकडील व बीड जिल्ह्यांतील ऊंसतोडीच्या टोळ्या दसरा झाला कीं मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, गाडीवर भांडींकुंडीं, पोरेंबाळें. त्यांचीं नांवें गांवच्या यादींत, त्या स्वतः शंभर-दोनशें मैलांवरच्या फडांत. ग्रामपंचायतींच्या मोठ्या निवडणुका १५ जानेवारी २०२१ रोजीं झाल्या. पुढच्या १८ डिसेंबर २०२२ रोजीं. दोन्ही वेळां कारखान्यांचे गाळप जोरांत. ज्या थेट सरपंचपदासाठीं दोघांच्या मंत्रिमंडळाला दम निघाला नाहीं, त्या सरपंचाला मत देण्यासाठीं या बायामाणसांनीं रोज बुडवून, मुकादमाच्या विनवण्या करून, एखाद्या उमेदवारानें पाठविलेल्या जीपगाडींत कोंबून गांवीं जावें. म्हणजे ज्याची गाडी त्याचें मत. गावाबाहेर असलेल्या श्रमिकांना मत देतां यावें म्हणून निवडणूक आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना पुढें मांडली, पुढच्याच महिन्यांत पक्षांच्या प्रतिनिधींना बोलावून तें यंत्र दाखविण्याचा घाट घातला. पक्षांनीं हरकती काढल्या, आणि तें प्रकरण तेथेंच थांबलें. त्या हरकतींत तथ्य असेल. यंत्र नको तर टपालानें मत द्या, तेंहि नको तर गाळप संपल्यावर निवडणूक घ्या. यांपैकीं एकाहि गोष्टीसाठीं या राज्यांत कधीं वटहुकूम निघाल्याचें ऐकिवांत नाहीं. प्रभागांत तीन असावे कीं चार यासाठीं निघतो.

मग करावें काय? साध्या बहुमताची अट घटनेचीच असल्यामुळें राज्याच्या विधिमंडळाला ती आपल्या कायद्यानें वाढवितां येणार नाहीं, आणि अमेरिकेचा दाखला डोळ्यांसमोर असतां ती वाढवावी असें मी म्हणतहि नाहीं. मतें अधिक नकोत; वेळ अधिक हवा आणि नांवें हवींत. २०८ व्या कलमानें प्रत्येक सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. त्याच अधिकारांत एवढें लिहून ठेवितां येईल कीं निवडणुकीच्या पद्धतीला स्पर्श करणारें कोणतेंहि विधेयक आधीं महिनाभर छापून प्रसिद्ध व्हावें, तें दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जावें, समितीनें ठरलेल्या मुदतींत अहवाल द्यावा म्हणजे अडवून बसण्याचाहि मार्ग उरणार नाहीं, आणि शेवटचें मत कोणीं मागो वा न मागो विभागणीनेंच व्हावें. सभागृह आपला नियम स्थगितहि करूं शकतें हें खरें. पण तो स्थगित करण्याचा ठरावहि नांवनिशीवार व्हावा, मग किती जण हात वर करतात तें दिसेल. दुसरी गोष्ट कायद्यांतच घालतां येईल: आज बदललेली पद्धति लगेच येणाऱ्या निवडणुकीला लागूं न होतां तिच्या पुढच्या निवडणुकीपासून लागूं व्हावी. पांच-सात वर्षांनंतर कोण सत्तेंत असेल हें आज कोणालाच ठाऊक नसतें. आणि ज्याला आपला लाभ कोणत्या बाजूस आहे तें दिसत नाहीं तो बहुधा न्यायानें वागतो. अशी अट असती तर गेल्या पंचवीस वर्षांतील यांपैकीं किती बदल जन्माला आले असते याचा वाचकांनींच विचार करावा. अर्थात् वाढीव हक्क, म्हणजे नव्या लोकांना मत देणारा कायदा, याला हा विलंब लावूं नये. वांबोरीच्या कांदेवाल्याला मत द्यावयाचें तर तें पुढच्याच निवडणुकीला द्यावें.

हें होणार नाहीं असें मला अनेक अनुभवी मंडळी सांगतात. राजकारणांत मुरलेल्या एका स्नेह्यांनीं तर असा प्रश्न केला कीं सत्ता हातीं असतां स्वतःच्या हाताला गांठ कोण मारून घेईल. त्यांस मी एवढेंच विचारलें कीं आजचे विरोधक तरी ही मागणी कां करीत नाहींत? त्यांनीं उत्तर दिलें नाहीं; आणि मला वाटतें, उत्तर त्यांना ठाऊक होतें. नगर जिल्ह्यांतून विधानसभेंत बारा आमदार जातात. नियम बदलण्याची वाट न पाहतां आजहि त्यांपैकीं कोणालाहि उभें राहून मतविभागणी मागतां येते. त्यासाठीं घटना दुरुस्त करावी लागत नाहीं, कीं श्रेष्ठींची परवानगी कायद्यानें लागत नाहीं. प्रभाग, सरपंच किंवा बाजार समिति यांविषयींचें पुढचें विधेयक येईल तेव्हां, आणि आजवरचा क्रम पाहतां तें येण्यास फार दिवस लागणार नाहींत, त्या बारांतील निदान एकजण तरी ती मागतो कीं काय हें मला पाहावयाचें आहे.